वल्हं हातात, पॉलिसी कुठंय?

रविवारी सकाळी सात वाजता माझा मोबाइल वाजला, की दोनच शक्यता असतात. एक तर कुणाला तरी त्याच दिवशी कॉपी हवी असते, नाहीतर दौंडहून आत्याचा फोन असतो. त्या दिवशी नंबर आत्याचा होता, पण पलीकडून बोलत होता दादा, म्हणजे माझा आतेभाऊ.

"ए पेपरवाले, मे महिन्यात मुलांना कयाकिंग शिकवतोय. तुझ्या त्या गुळगुळीत कागदाच्या पेपरात छाप की काहीतरी. फोटोपण देतो, एकदम झक्कास!"

दादाचा बायोडेटा थोडक्यात सांगते. रांजणगाव एमआयडीसीत नोकरी, आठवडाभर शिरूरला भाड्याची खोली, शनिवारी रात्री न्हावऱ्यावरून बाइक हाणत दौंडला घरी. इंजिनीअरिंगला सीओईपीत होता. त्यातली निम्मी वर्षं वर्गात आणि निम्मी बोट क्लबवर गेली, असं आत्याचं मत आहे. दरवर्षीच्या रेगाट्यात मुळा नदीवर रात्री दिवे लावून वल्ही चालायची आणि तो काठावरच्या गर्दीला हात करायचा. नोकरी लागली, नदी सुटली, पोट सुटलं. आपल्या सगळ्यांचं जे होतं तेच!

फरक एवढाच, की आपण त्यावर जिमची मेंबरशिप घेतो आणि विसरून जातो. दादानं चार सेकंडहँड कयाक घेतल्या. घोड नदीवर शिरूर तालुक्यात चिंचणीला धरण आहे, त्याच्या पाण्यावर शिरूर आणि दौंडच्या मुलांची वीकेंड बॅच घ्यायची, असा फंडा. शिरूरची पाच मुलं, दौंडची चार. त्या चारांतला एक म्हणजे ताईचा मुलगा, माझा भाचा, वय वर्षं बारा.

आयडिया सॉलिड होती, हे मान्य करायलाच हवं. पुण्यातल्या पोरांना आपण रॉक क्लाइंबिंग, घोडेस्वारी, फ्रेंच असं सगळं देतो. दौंडच्या पोराला सुट्टीत काय मिळतं? मोबाइल आणि आमरस. आणि कयाकिंग हा काही नुसता टाइमपास नाही. १९३६ पासून हा ऑलिम्पिकचा खेळ आहे. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम या जोडीनं कनोईंगमध्ये भारताला ब्राँझ मिळवून दिलं. प्राची यादव तर कमरेखाली अधू असूनही टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कनोई घेऊन उतरली. तेव्हा दौंडचं पोर का नाही?

मी लगेच हो म्हटलं. मनातल्या मनात हेडलाइनसुद्धा तयार झाली.

पुढच्या रविवारी दौंडला गेले. ताटात आमरस आणि टेबलावर दादानं प्रिंट काढून आणलेले फॉर्म. नाव, वय, ब्लड ग्रुप, पोहता येतं का, पालकांची सही. सगळ्यात खाली ठळक अक्षरात एक ओळ : 'शिबिरादरम्यान माझ्या पाल्यास कोणतीही इजा झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.'

आत्यानं चष्मा लावला, ती ओळ बोट ठेवून वाचली आणि एकच प्रश्न विचारला.

"मग कोण राहणार जबाबदार?"

पंखा तेवढा फिरत होता. बाकी सगळे गप्प!

दादा म्हणाला, "आई, ते फॉर्मॅलिटी म्हणून असतं गं. सगळेच लिहितात."

"सगळेच लिहितात म्हणून तर विचारते," आत्या म्हणाली आणि रसाची वाटी पुढे सरकवली.

आता मला त्या ओळीबद्दल थोडं पर्सनल आहे. नववीत असताना मी एका शिबिराला गेले होते. ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून घसरले आणि उजवं मनगट दोन जागी मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. बाबांनी त्या वर्षी घराला रंग द्यायला बाजूला ठेवलेले पैसे हॉस्पिटलात भरले. शिबिरवाल्यांना फोन केला तेव्हा त्यांनी फार नम्रपणे बाबांच्या सहीचा फॉर्म दाखवला. रंग पुढे चार वर्षांनी लागला. आजही पाऊस आला, की टाइप करताना ते मनगट मला त्या ओळीची आठवण करून देतं.

म्हणून मी दादाला म्हटलं, "लिहिते. पण आधी आत्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधू." त्यानं तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाला.

पुढचे तीन आठवडे मी ऑफिसेसच्या चकरा, कॉल सेंटरचं म्युझिक आणि शिरूरचे एक विमा एजंट काका यांच्या संगतीत काढले. त्यातून जे कळलं, ते तुमच्याही कामाचं आहे. कारण आज भाचा, उद्या तुमची पोरं आणि मधल्या काळात तुमच्या ऑफिसची टीम आउटिंग. कोलाडला राफ्टिंग करून आला असालच ना? कुंडलिकेला वीजप्रकल्पाचं पाणी सुटतं, तेव्हाच तिथं राफ्ट चालते. त्या दिवशी सही केलेला कागद कुणी वाचला होता? मीपण नव्हता.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्याची चेष्टा नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात, करमाळ्याच्या कुगाव आणि इंदापूरच्या कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि ६ जण गेले. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट बुडाली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेटं नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची सहलीला गेलेली १४ मुलं बुडाली, ती बातमी पुणं अजून विसरलेलं नाही.

आपल्या नद्यांचे तर वेगळेच नखरे. घोड काय, भीमा काय, वाळू उपशानं पात्रात असे खड्डे पडलेत, की गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. पावसाळ्यात पेपरात 'दौंड येथे भीमेचा विसर्ग इतके क्युसेक' अशी ओळ रोज येते ना, ते पाणी पुण्याच्या धरणांतून सुटलेलं असतं. दौंडला ऊन पडलेलं असतं आणि नदी मात्र वाढत असते. दादाला हे सगळं पाठ आहे, म्हणून तर त्यानं वाहती नदी सोडून धरणाचं शांत पाणी आणि सकाळची, वारा सुटण्याआधीची वेळ निवडली. पण काळजी घेणं वेगळं आणि काळजी घेऊनही काही झालं तर काय, हा प्रश्न वेगळा. विमा त्या दुसऱ्या प्रश्नासाठी असतो.

गंमत बघा. दादा ज्या बाइकवरून चिंचणीला जातो, तिला थर्ड पार्टी इन्शुरन्स नसेल तर पोलीस पावती फाडतात. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं विमा लागतो. पण कयाकला इंजिन कुठंय? इंजिन म्हणजे बारा वर्षांच्या पोराचे दोन दंड!

"विमा आहे का?" असं विचारलं, की लोक "आहे ना" म्हणतात आणि विषय संपतो. एजंट काकांनी माझी शाळा घेतली. म्हणाले, "आधी विचार, कोणता?" प्रकार तीन आहेत आणि तिघांचं काम वेगळं.

एक, पर्सनल ॲक्सिडेंट, म्हणजे वैयक्तिक अपघात विमा. चूक कुणाची हे न बघता अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम मिळते. शिबिरातल्या सगळ्या मुलांची यादी देऊन ग्रुप पॉलिसी काढता येते. पण ग्रुप खरा हवा, केवळ विम्यासाठी जमवलेली मंडळी चालत नाहीत.

दोन, उपचाराचा खर्च. माझं मनगट या खात्यातलं. बहुतेक नुसत्या अपघात विम्यात मोडलेल्या हाताच्या ऑपरेशनचं बिल येत नाही, ते जादाचं कव्हर मागून घ्यावं लागतं. खेळात मरणारे थोडे आणि हात-पाय मोडणारे जास्त, त्यामुळे प्रत्यक्षात कामी येतं ते हेच. आणि नेमकं हेच कुणी मागत नाही.

तीन, पब्लिक लायबिलिटी. आयोजकाच्या निष्काळजीपणानं कुणाला इजा झाली आणि पालकांनी दावा लावला, तर भरपाई आणि वकिलाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत कंपनी देते. यात दोन आकडे असतात, एका अपघाताला कमाल किती आणि अख्ख्या वर्षात कमाल किती. काकांनी एक खास प्रश्न लिहून दिला : 'शिकणारी मुलं या पब्लिकमध्ये धरली आहेत का?' कारण काठावर उभा असलेला बघ्या कव्हर झाला आणि बोटीतलं पोर बाहेर राहिलं, तर ती पॉलिसी काय चाटायची?

"पण सरकारची योजना असते ना?" असं ताईनं विचारलं. असते. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये आली, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कव्हर. पण ती १८ ते ७० वयाच्या खातेदारांसाठी आहे, भाचा बसत नाही. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या राज्याची राजीव गांधी विद्यार्थी सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला दीड लाख रुपये मिळतात. पण नावातच बघा, तो विमा नाही, अनुदान आहे. शाळेमार्फत अर्ज आणि कागदपत्रं करावी लागतात. आधार म्हणून ठीक, त्यावर शिबिर उभं करता येत नाही. साधी अपघात पॉलिसी हवी असेल तर एप्रिल २०२१ पासून 'सरल सुरक्षा बीमा' नावाची सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. पालक आपल्या पॉलिसीत मुलांना घेऊ शकतात. पण साहसी खेळाबद्दल काय लिहिलंय, ते वाचल्याशिवाय सही नको.

आणि इथंच कहाणीत ट्विस्ट आला.

आरोग्य विम्यातून काय वगळायचं, याची भाषा विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात नववा नंबर साहसी खेळांचा. मी दादाच्या हॉलमध्ये बसून मोठ्यानं वाचलं. गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा वगैरे साहसी खेळांत 'प्रोफेशनल' म्हणून भाग घेतल्यामुळे उपचार लागले, तर खर्च मिळणार नाही. यादीत कयाकिंगचं नाव नाही, पण यादी तेवढ्यापुरतीच नाही, असंही तिथंच लिहिलंय.

"म्हणजे पोरांना मिळणार नाही?" दादानं विचारलं.

"उलटं आहे दादा. पोरं हौशी आहेत. आरोग्य विम्याच्या या कलमात ती अडकू नयेत. अपघात पॉलिसीची भाषा वेगळी असू शकते, ती तपासायची. पण फी घेऊन शिकवणारा, म्हणजे प्रोफेशनल, कोण?"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कलम नववं कळलं नसेल, पण दादाचा चेहरा कळला. त्याला दोन मुली आहेत. घराचा हप्ता आहे. कंपनीची मेडिक्लेम आहे म्हणून तो आजवर निवांत होता. रविवारी पाण्यात काही झालं असतं, तर सोमवारी तीच पॉलिसी त्याला प्रश्न विचारत बसली असती.

मग त्यानं जे सुचवलं ते तुम्ही-आम्हीही सुचवलं असतं. "फॉर्मवर नुसतं 'उन्हाळी क्रीडा शिबिर' लिहू ना. कयाकिंग लिहायचंच कशाला? स्वस्तात होईल."

काका हसले. म्हणाले, "होईल की. प्रीमियम भरताना स्वस्त आणि क्लेमच्या दिवशी शून्य. साहेब, विमा म्हणजे सगळं खरं सांगून केलेला सौदा. पाण्यातला खेळ जमिनीवरचा म्हणून दाखवला, की कंपनीला नाही म्हणायला तुम्हीच कारण दिलं."

दादा बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसला. मग त्यानं 'खेळाचा प्रकार' या रकान्यात लिहिलं : कयाकिंग, धरणाच्या पाण्यावर, वय ११ ते १५. लायबिलिटीच्या कागदावर पुढचा रकाना होता, 'संस्थेचं नाव'. आणि दादाची संस्था म्हणजे दादा, चार कयाक आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप!

इथं आपल्या राज्याची थोडी हिस्ट्री सांगायला हवी. २००६ मध्ये हिमालयातल्या ट्रेकवर मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. साहसी उपक्रमांना काही नियम असावेत, एवढंच त्यांचं मागणं. त्यातून सरकारी निर्णय निघाले, त्यावर वाद झाले, २०१८ मध्ये नवा निर्णय आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, असं त्यात आहे. धरणाचं पाणी जलसंपदा खात्याचं, त्यामुळे त्यांची परवानगी वेगळी.

दादा वैतागला. "मी काय धंदा करतोय का? पोरांना शिकवतोय! एवढे कागद करण्यापेक्षा पोरं मोबाइलच बघत बसलेली बरी!"

खरं सांगू? मला त्याचं पटलं. हौसेनं काही करणाऱ्या माणसाच्या पायात आपण किती कागद अडकवायचे, हा प्रश्न खोटा नाही. चार कयाकवाला नऊ मुलं घेतो तेव्हा त्याला मोठ्या रिसॉर्टएवढेच रकाने भरावे लागतात. त्यातले निम्मे कंटाळून घरी बसतात आणि उरलेले कागदाशिवायच पाण्यात उतरतात. दोन्हीत नुकसान पोरांचंच.

पण मग मला बाबांचा तो फोन आठवला, फार नम्रपणे दाखवलेला फॉर्म आठवला. आणि हेही सांगायला हवं, की त्या ओळीला वाटते तेवढी ताकद नाही. फी घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 'आम्ही जबाबदार नाही' असं छापून घेतलं म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही. म्हणजे ती ओळ पालकांना घाबरवते, पण आयोजकाला वाचवेलच असं नाही. दोघांचाही तोटा!

तर मे महिन्याची बॅच रद्द झाली. कयाक ताडपत्रीखाली गेल्या. भाच्यानं माझ्याशी आठ दिवस कट्टी केली. ताईच्या फोनवर मागून आवाज यायचा, "मावशीला सांग, मी बोलत नाहीये."

दादानं मात्र कागद सोडले नाहीत. तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठलं. आता बॅच शाळेच्या क्रीडा उपक्रमात होणार. त्यामुळे ग्रुप खरा झाला, हजेरीपट आला आणि लायबिलिटीच्या कागदावर लिहायला संस्था मिळाली. नोंदणीचा अर्ज गेलाय. मुलांना अपघात कव्हर, त्यात उपचारखर्चाची जोड आणि स्वतः दादासाठी 'इन्स्ट्रक्टर' असं स्पष्ट लिहिलेली वेगळी पॉलिसी. फी थोडी वाढली. पालकांच्या मीटिंगमध्ये दादानं ती का वाढली हे सांगितलं, तेव्हा एका वडिलांनी विचारलं, "विम्याशिवायचा रेट काय?" दादा म्हणाला, "तो बंद केला."

बॅच आता दिवाळीच्या सुट्टीत. धरण तेव्हा भरलेलं असेल, हवा गार असेल. फॉर्मची ती ठळक ओळही बदलली. आता तिथं लिहिलंय : 'शिबिरासाठी खालील विमा काढला आहे. पॉलिसीची प्रत सोबत जोडली आहे.' आत्यानं बोट ठेवून तीही वाचली. काही बोलली नाही, नुसतं पेन शोधायला गेली.

सही करण्याआधी, मग शिबिर मुलांचं असो की तुमच्या ऑफिसचं, एवढं विचारा :

• पॉलिसी कोणती? अपघात, उपचार, लायबिलिटी, की तिन्ही? प्रत मागा. 'आहे ना' हे उत्तर नाही.

• पॉलिसीत त्या खेळाचं नाव लिहिलंय का? नुसतं 'क्रीडा उपक्रम' चालणार नाही.

• तुमच्या मुलाचं नाव यादीत आहे का आणि पॉलिसीच्या तारखा शिबिराच्या तारखांशी जुळतात का?

• शिकवणाऱ्याचा विमा आहे का? तोही कुणाचा तरी बाप किंवा मुलगा असतो.

• प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट आहे का? वजनानुसार, बक्कल लागणारं. जवळचं हॉस्पिटल कोणतं आणि १०८ ला फोन लागण्याइतकी रेंज काठावर आहे का?

• काही झालंच तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, बिलं जपा. बुडण्याच्या घटनेत पोलिसात नोंद हवीच. क्लेम अडला आणि कंपनीकडे तक्रार करूनही दाद लागली नाही, तर विमा लोकपालांचं ऑफिस पुण्यात आहे आणि तिथं तक्रारीला फी लागत नाही.

कट्टी सुटल्याचा मेसेज मला गेल्या आठवड्यात आला. भाच्यानं ताईच्या फोनवरून स्वतः टाइप केलेला : 'मावशी विम्याच्या यादीत माझं नाव आलं. स्पेलिंग चुकलंय. क्लेमला प्रॉब्लेम येईल का?'

पोरगं तयार झालंय. आता वल्हं शिकायचं तेवढं बाकी!